रात्रीत उतरणारी बॅटरी

मेंढ्या गोठ्यातून बाहेर पडल्या आणि गाडी पुन्हा बंद निघाली.

किल्ली फिरवली तसा मीटरवरचा हिरवा दिवा एकदा मिणमिणला आणि गेला. बटण दाबलं, तर आतून नुसतं टक् झालं. किकचा उपयोग नाही हे ठाऊक असूनही पाच-सहा किका मारल्या. ही गाडी बॅटरीत जीव असल्याशिवाय ठिणगी टाकत नाही. मग तिला उताराच्या तोंडाशी नेली, दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि ढकलत पळाले. गवत दवाने निसरडं झालं होतं. क्लच सोडला की मागचं चाक अडकून घसरायचं, इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. खाली ओढ्यापाशी पोचेपर्यंत माझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता, आणि आता तीच गाडी चढावर ढकलत परत आणायची होती.

माझी आई, अपा, आमच्या नमद्याच्या तंबूच्या, यूर्तच्या दारात उभी होती. काळा झगा, काळा रुमाल. चाळिसावा होईपर्यंत तिने उंबऱ्याबाहेर फारसं यायचं नाही. तिने तिथूनच हाक दिली.

"मागून हात लावू का गं?"

"नको, अपा. आत जा."

"मेंढ्या खिंडीकडे वळल्यात."

ते मलाही दिसत होतं. कळपाचं तोंड खिंडीला लागलं होतं आणि खिंडीपलीकडे दुसऱ्या गावाची कुरणं होती. मिसळले कळप वेगळे करायचे म्हणजे दोन दिवसांची भांडणं. गाडी तिथेच आडवी टाकली आणि पळत सुटले. शहरात राहून राहून पाय मऊ झालेत. अर्ध्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले, तोंडाला रक्ताची चव आली. पुढच्या मेंढ्यांना दगड मारून वळवलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

आके, माझे वडील, गेले ते याच कुरणावर, कोशबुलाकला. उन्हाळाभर दम लागत होता, पण मेंढ्या गावाच्या. सोडून खाली जाणार कसे? मी बिश्केकहून पोचले तोवर त्यांना खाली गावात नेलं होतं आणि अंगणात शोकाची यूर्त उभारून झाली होती. माती दिली. आलेल्या माणसांसाठी घोडा कापायचा ठरलं, आणि काकाने आकेंचा बसायचाच घोडा दाखवला. दुसरा नव्हताच. सातवा झाल्यावर अपा म्हणाली, मी वर जाते. लोक बघत राहिले. विधवेने चाळीस दिवस घरात बसायचं असतं. अपा म्हणाली, मेंढ्यांना कोण सांगणार चाळीस दिवस थांबा म्हणून? मी ग्रंथालयात रजा वाढवून मागितली आणि तिच्याबरोबर वर आले. घोडा नव्हता. आकेंची चिनी मोटारसायकल होती.

शुक्रवारी जेक्शेन अक्साकाल वर येणार होते. गावाच्या मेंढ्या कोणाकडे ठेवायच्या ते या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याच्या हातात असतं. कळप मोजणार, दोन बायकांच्याने तो सांभाळला जातोय का ते बघणार. नसेल जात, तर त्याच दिवशी कळप काकाच्या ताब्यात आणि आम्ही यूर्त मोडून खाली. अपाला खाली जायचं नव्हतं. का, ते तिने सांगितलं नव्हतं. मी विचारलं की ती चुलीत शेणी सारायची आणि म्हणायची, "अजून थंडी कुठे पडलीय?"

मंगळवारी काका आला, पिठाची गोणी मागे बांधून. आकेंचा धाकटा भाऊ, कालमुरात. नवऱ्याच्या भावाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून अपा त्याला लग्नापासून 'धाकटं बाळ' म्हणत आलीय. बाळाचं आता पोट सुटलंय, मिशा पिकल्यात.

"आलं का धाकटं बाळ?" अपा आतून म्हणाली. "चहा घे, बाळा."

"जेने, मी चहाला नाही आलो." काकाने गोणी उतरवली. थोरल्या भावाची बायको म्हणून तो तिला जेने म्हणतो. "लोक मला तोंडावर विचारतात, तुझ्या भावाची बायको डोंगरात काय करतेय? चाळीस दिवस तरी घरात ठेवता येत नाही का तुला? मी काय सांगू?"

"सांग, मेंढ्या राखतेय."

"मेंढ्या मी राखीन की!"

"तुझ्या तुला राखता येतात का ते बघ आधी. गेल्या साली दोन लांडग्याला घातल्यास."

काका माझ्याकडे वळला. मी सीट काढून बॅटरी उघडी केली होती. आकेंचा वीज मोजायचा मीटर नमद्याच्या पिशवीतून काढून शेजारी ठेवला होता. आसपासच्या कुरणांवर कोणाचीही गाडी बिघडली की ती इथे यायची. आके वायरी धरायचे आणि मी लहानपणी काट्याकडे बघून आकडे ओरडायचे. तेवढंच माझं शिक्षण.

"कॉइल गेली," काका लांबूनच म्हणाला.

"बघितलं नाहीस अजून, आबा."

"बघायचं काय त्यात? बॅटरी भरत नाही म्हणजे कॉइल गेली. हे पुस्तक नव्हे, शेवटचं पान बघून कळायला."

"मग पहिल्या पानापासून बघू. तुझ्या बॅटरीची वायर दे."

त्याने कुरकुरत आपली गाडी जवळ लावली. दोन वायरी जोडल्यावर आमची गाडी एका बटणात चालू झाली. वायरी काढल्या तरी चालत राहिली. मी मीटरची टोकं बॅटरीवर ठेवली. मंद चालीवर तेराच्याही खाली. काकाला ॲक्सिलेटर पिळायला सांगितला. काटा हलला, चौदाच्या अलीकडे येऊन थांबला.

"भरतेय," मी म्हणाले. "वेगात भरतेय. कॉइल शाबूत आहे."

"मग सकाळी मरते कशी?"

इंजिन बंद केलं आणि वायरींच्या मागे लागले. कॉइलमधून निघणाऱ्या तीन पिवळ्या वायरी जिथे रेग्युलेटरला जोडल्या जातात, ते सॉकेट एका बाजूने तपकिरी पडलं होतं, प्लास्टिक वितळून एक पीन आत रुतली होती. मला जवळजवळ आनंद झाला. सापडला, म्हटलं, चोर सापडला. सॉकेट कापून टाकलं, तिन्ही वायरी सोलून एकास एक पिळल्या आणि टेप गुंडाळला. मग बॅटरीची काळी वायर चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गेले. बोल्टवर हिरवट गंज चढलेला. पॉलिश पेपरने घासून घासून खालचं लोखंड चकचकीत केलं. बोटांची सालं निघाली.

"नवऱ्याची निवड करताना एवढं घासून बघितलं असतंस तर आज एकटी नसतीस," काका म्हणाला.

"तेही चार्ज धरत नव्हते, आबा."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो गाडीमागे जाऊन चाक बघायला लागला. भावासारखंच हसतो तो, तोंड वाकडं करून. ते मला ऐकवत नव्हतं.

"मागच्या लाल दिव्यात बल्बच नाही," तो तिकडून म्हणाला.

"पडला असेल. मेंढ्यांना काय करायचाय लाल दिवा?"

जाताना त्याने आवाज खाली आणला. "पोरी, शुक्रवारी म्हातारा माझ्याबरोबर येतोय. मी त्याला आडकाठी नाही करणार, पण खोटंही नाही बोलणार. तू किती दिवस पळणार मेंढ्यांमागे? तुझी आई रात्री झोपते का? डोळे बघितलेस तिचे? तिला घरी घेऊन चल."

त्या दिवशी मी गाडी दिवसभर फिरवली. कळपामागे मंद, पहिल्या गिअरमध्ये; मध्येच एक मेंढी फुटली की झपकन पुढे, मग पुन्हा मंद. संध्याकाळी मेंढ्या गोठ्यात घातल्या तेव्हा गाडी अर्ध्या बटणात चालू होत होती. ती नेहमीच्या जागी, यूर्तच्या मागच्या अंगाला नमद्याला टेकवून लावली. अपाला ती तिथेच लागायची. दुसरीकडे लावली तर म्हणायची, "वाऱ्यात नको ठेवूस, मागे लाव."

"सापडला का दोष?" तिने विचारलं.

"सापडला."

"बरं झालं." तिने माझ्या वाटीत दूध जास्त घातलं. आके जिथे झोपायचे, जिथे गेले, तिथल्या गादीच्या उशाला छोटा दिवा लागलेला होता. चाळिसाव्यापर्यंत तो रात्री विझू द्यायचा नाही. गेलेलं माणूस घरी येतं, त्याला दार दिसलं पाहिजे. आमच्याकडे तेलाचा दिवा कधीच मागे पडला. यूर्तच्या छपरावर सौर पत्रा आहे, त्याची बॅटरी गाद्यांच्या चळतीमागे असते, दिवा त्यावर चालतो. दिव्याकडे पाठ करून मी झोपले.

बुधवारी सकाळी टक्.

गाडीपाशी उभी राहून मी मोठ्याने शिवी दिली. अशी शिवी मी शहरात कधी दिली नसती. ती अपानेही ऐकली.

त्या दिवशी मी मेंढ्या जवळच्या पठारावर ठेवल्या, जिथे गवत संपत आलं होतं, आणि दर थोड्या वेळाने पळत येऊन गाडी उघडत होते. बॅटरीची काळी वायर सोडवून मीटर मध्ये लावला. किल्ली बंद असताना कुठून वीज गळतेय का ते असं कळतं. काटा शून्यावर. पुन्हा लावला, शून्य. रेग्युलेटर उतरवून एकेक पाय तपासला, सगळे एकाच दिशेने बोलत होते, दुसरीकडून गप्प. पिवळ्या वायरींचं एकेक टोक चेसिसशी लावून बघितलं. कुठे गळती नाही. फ्यूज काढला, उन्हात धरला, परत घातला. मेंढ्या ओरडायच्या, मी पळायचे. मेंढ्या शांत व्हायच्या, मी परत. एकदा स्वतःशीच आकडे ओरडले, बारा पॉइंट एक, आणि कोणी ऐकायला नाही हे ध्यानात येऊन गप्प बसले.

गाडी दिवसा निर्दोष होती. रात्री मरत होती.

अपा दारात उन्हाच्या पट्ट्यात बसून लोकर विंचरत होती. तिने विचारलं, "दिवसभर चालवली की पोट भरतं ना तिचं?"

"भरायला पाहिजे."

"मग आज का चालवत नाहीस?"

"चालू झाली तर चालवीन ना, अपा!"

मी ओरडले. ती खाली मान घालून लोकर विंचरत राहिली. दुपारी ऊन लागून बॅटरी जरा शुद्धीवर आली, उतारावर ढकलून गाडी कशीबशी चालू केली आणि संध्याकाळपर्यंत फिरवली. पठाराच्या सरळ पट्ट्यावर विनाकारण पिळली, पुढे-मागे, पुढे-मागे. मेंढ्या माना वर करून बघत होत्या. वाटलं, बॅटरी मेलीय, आत काही धरतच नाही. गावात नवी मिळेल, पण गावात जायचं कशावर? आणि तोवर शुक्रवार उलटून जाणार.

गुरुवारी अपाने रीतीप्रमाणे तेलात बोर्सोक, कणकेचे छोटे गोळे, तळले. तळणाचा वास आकेंपर्यंत पोचवायचा असतो. गरम गरम गोळे फडक्यावर ओतले, हात पसरून पुटपुटली, मग एक माझ्या तोंडात दिला. "तुझ्या वडिलांना कडक आवडायचे," ती म्हणाली. एवढंच. मी तो चावत राहिले. गुरुवारही तसाच गेला, सकाळी मेलेली, दुपारी अर्धी जिवंत.

शुक्रवारी पहाटे कुत्रा भुंकला म्हणून जाग आली. बाहेर उजाडलं होतं, पण सूर्य डोंगराआड होता. मोसमातलं पहिलं हिव पडलं होतं. गवत, गोठ्याची लाकडं, गाडीची टाकी, सगळं पांढरं. मेंढ्या जागच्या जागी पाय आपटत होत्या. यूर्तला वळसा घालून मी गाडीकडे गेले आणि थांबले.

गाडीच्या सीटखालून एक बारीक वायर बाहेर आली होती. तिच्यावरही हिव बसलं होतं, म्हणून दिसली, पांढऱ्या दोऱ्यासारखी. ती जमिनीवरून यूर्तपर्यंत गेली होती आणि नमद्याच्या कडेखालून आत. सीट उचलली. बॅटरीच्या दोन्ही टोकांना दोन चिमटे. वायरीला मध्ये जोड होता. दोन्ही तारा आधी उलट्या दुमडून, मग एकमेकींत पिळून, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी तिरकी गुंडाळलेली आणि टोक आतून खोचलेलं. आकेंशिवाय असा जोड कोणी करत नाही. टेप सुटतो, रबर सुटत नाही, म्हणायचे.

मी चिमटे काढले नाहीत. आत गेले. उशाचा दिवा पिवळट होऊन शेवटच्या धुगधुगीवर होता. बल्ब म्हणजे गाडीच्या मागच्या दिव्यातला छोटा बल्ब होता. गाद्यांच्या चळतीमागे हात घातला. सौर बॅटरी तिथेच होती, बाजूंनी फुगलेली, वायरी सुटलेल्या.

अपा जागीच होती. पांघरुणात बसून माझ्याकडे बघत होती.

"हे कधी?"

"उन्हाळ्यातच," ती म्हणाली. "ती बॅटरी फुगली. ह्यांना रात्री अंधारात दम जास्त लागायचा. छपरापर्यंत हात वर करवत नव्हता. बसून बसून हे केलं. दोन दिवस लागले. मी वायर धरत होते." थोडं थांबून म्हणाली, "शेवटचं काम ते."

"मला सांगितलं का नाहीस? आठवडाभर मी..."

"तू मला कुठे विचारलंस? तू गाडीला विचारत होतीस."

मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे गारठून गेले होते.

"रोज संध्याकाळी तू चिमटे लावत होतीस?"

"वासरू बांधायला जायचे तेव्हा लावायचे. पहाटे तू उठायच्या आधी काढायचे. दिव्याबद्दल बोलायचं नसतं." ती बोटांनी पांघरुणाची कड चिमटत होती. "हे म्हणायचे, ही गाडी आपली वीज आपणच करते, चालली की भरते. मला वाटलं, घोडीसारखंच आहे. दिवसा माणसं धार काढतात, रात्री शिंगरू पितं, तरी सकाळी कास भरलेलीच असते. कमी पडत नाही कधी. म्हटलं, दिवसा तुला, रात्री ह्यांना."

मी काय सांगणार होते? की मेंढ्यांमागे मंद चालीवर ती पुरेशी भरत नाही, रात्री तो एवढासा बल्ब सगळं पिऊन टाकतो, रोज तळाला गेलेली बॅटरी हळूहळू मरते? सगळं खरं होतं. मी म्हणाले, "रात्रभर पुरत नाही गं, अपा. दोघांना पुरत नाही."

"मग विझवू का?"

बाहेर मेंढ्यांनी गोठ्याचं फाटक ढकललं. लाकूड कडाडलं. आम्ही दोघी उठलो.

हिव पडलं की मेंढ्या ऊन शोधतात. मी फाटकापर्यंत पोचायच्या आत कळप बाहेर पडला होता आणि पूर्वेच्या उभ्या उतारावर चढत होता, जिथे दगडच दगड. गाडी मेलेली, आणि चालू असती तरी त्या दगडांत गेली नसती. मी पळाले. पहिल्या कड्यापर्यंत चढले, पाय घसरून हातावर आपटले, तळवा फाटला. वर मेंढ्या दगडांवरून टकटक करत पसरत होत्या, तीन-चार पुंजके, एक पुंजका पार धारेवर. हाक मारली तर माझ्या हाकेने आणखी वर गेल्या. माझा आवाज त्यांना ठाऊक नव्हता.

खाली वळून बघितलं तर यूर्तपुढे काकाची गाडी उभी होती आणि तिच्यामागून करड्या घोड्यावर जेक्शेन अक्साकाल ओढा ओलांडत होते.

मी खाली आले तेव्हा म्हातारा खोगिरावरून उतरून पाय मोकळे करत होता. दाढीत हिव. त्यांनी डोंगराकडे बघितलं, माझ्या रक्ताळलेल्या हाताकडे, मग गाडीकडे.

"हा कळप?"

"हो, अक्साकाल."

"मी मेंढ्या मोजायला आलोय, पोरी. दगड मोजायला नाही."

काका जमिनीकडे बघत होता. "मी म्हटलं होतं," तो पुटपुटला. त्यात आनंद नव्हता.

"कालमुरात, जा, घेऊन ये," म्हातारा म्हणाला.

"त्या दगडांत गाडी नाही चढणार."

"मग तुमच्या ह्या गाड्या असतात कशाला? कुठून तरी कुठे तरी धूर न्यायला?" त्यांनी दाढी झटकली. "ओरोझालीकडे घोडा होता. चांगला होता."

ओरोझाली म्हणजे आके. तो घोडा आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. अक्साकालांनीही, पाहुण्यांत मान त्यांचा, मोठं हाड त्यांच्या ताटात होतं. ते त्यांना बोलल्यावर आठवलं असावं, कारण त्यांनी खाकरून तोंड फिरवलं.

"मी घोड्यावर जातो," काका म्हणाला आणि लगामाकडे हात केला.

"धाकट्या बाळा, बाजूला हो."

अपा उंबऱ्याबाहेर आली होती. काळा झगा तिने गुडघ्यापर्यंत वर खोचला होता, खाली आकेंचे लांब बूट. रुमालाची टोकं मानेमागे घट्ट बांधलेली.

"अक्साकाल, घोडा द्या," ती म्हणाली. मान खाली, आवाज हळू, सुनेने मोठ्यांशी बोलावं तसा.

"जेने!" काका दचकलाच. "चाळिसावा व्हायचाय! अशी घोड्यावर... कोणी बघितलं तर?"

"कोण बघणार? तूच बघतोयस. डोळे मीट." ती घोड्याजवळ गेली. "तुझ्या हाकेला नाही येणार त्या. हिच्याही नाही. त्यांना मीच मीठ घालते."

म्हातारा काही क्षण लगाम धरून उभा राहिला. दोन पिढ्यांच्या रीतीभाती त्यांच्याच तोंडून गावाला ऐकू आलेल्या. मग त्यांनी रिकीब हातात धरून तिच्या पायासमोर आणली. स्वतः. काकाने खरंच डोळे मिटले का ते मला माहीत नाही. त्याने पाठ फिरवली एवढं खरं.

अपाला घोड्यावर बसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती चढली तेव्हा कण्हली. मग घोडा दगडांत शिरला आणि ती पुढे वाकली, आणि तिचं वय दिसेनासं झालं. वर पोचून तिने हाक दिली. शब्द नव्हता तो, घशातून निघणारा लांब, थरथरता आवाज. गावातल्या यूर्तमध्ये भिंतीकडे तोंड करून ती शोक गायली तेव्हाचाच आवाज, तोच श्वास तुटण्याचा सूर. मला क्षणभर कळेना, ती मेंढ्यांना बोलावतेय की कोणाला. धारेवरचा पुंजका थांबला. माना वळल्या. मग एक मेंढी खाली यायला लागली, तिच्यामागे दुसरी, आणि दगडांतून पांढरे-काळे ओघळ वाहायला लागले.

तोवर मी काकाकडून शिडी धरवून यूर्तच्या छपरावर चढले. सौर पत्र्याची वायर चांगली होती. गाडीची बॅटरी काढून आत नेली, चळतीमागे ठेवली, पत्र्याच्या वायरी तिला जोडल्या. मीटर लावला. ऊन नुकतंच छपरावर आलं होतं. काटा जरासा हलला आणि हलत राहिला. दिव्याची वायर आत ओढून घेतली. जोड तसाच ठेवला.

"गाडी?" काकाने विचारलं.

"राहू दे तशीच. चाळिसाव्यापर्यंत ही बॅटरी इथेच लागणार."

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्यांचं अक्साकाल ठरवतील."

त्याने दिव्याकडे बघितलं, गादीकडे, मग माझ्याकडे. चिमट्यांकडेही. "मागचा बल्ब," तो सावकाश म्हणाला. मग दाराबाहेर गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

मेंढ्या फाटकातून आत सोडत अक्साकालांनी मोजल्या, हाताची दोन बोटं हलवत, जोडीजोडीने, ओठांतल्या ओठांत. एकदा कुत्र्याने मध्ये तोंड घातलं तसे त्याला शिवी देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. काका दुसऱ्या बाजूने मोजत होता. शेवटची मेंढी आत गेली.

"भरल्या," काका म्हणाला.

"एक जास्त आहे," म्हातारा म्हणाला.

"निळ्या खुणेची," अपा घोड्यावरूनच म्हणाली. "पलीकडच्या गावची. वर सापडली. उद्या पोचवते."

"दुसऱ्या कोणी ती खाल्ली असती," म्हातारा म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. मग आभाळाकडे बघून, कोणाकडेच न बघता बोलल्यासारखं बोलला, "बर्फ पडायच्या आधी कळप खाली आणा. त्याआधी नको. घोडा ठेवा तोवर."

"तुम्ही कसे जाणार?" मी विचारलं.

त्यांनी काकाच्या गाडीकडे बघितलं, आजाऱ्याने कडू औषधाकडे बघावं तसं. "हा नेईल की मला. ह्याची चालू होते म्हणतो."

त्यांना मागे बसवायला दोघांना धरावं लागलं. झग्याचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून मी तो त्यांच्या मांडीखाली खोचला. धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी काकाच्या पोटाला मिठी मारली.

"हळू, अक्साकाल, श्वास कोंडतोय," काका म्हणाला.

"माझाही कोंडतोय. हळू चालव. खाली माझी नातवंडं वाट बघतायत."

गाडी ओढ्यातून उसळत गेली. म्हाताऱ्याची उंच पांढरी टोपी वळणावर एकदा दिसली, मग नुसता आवाज राहिला, मग तोही नाही.

अपा घोड्यावरून उतरली आणि तिचे गुडघे सरळच होईनात. ती माझ्या खांद्यावर तशीच वाकून राहिली. बुटांना, झग्याला, केसांना घोड्याच्या घामाचा वास येत होता. पाठीवर हात फिरवला तर हाताखाली सगळं थरथरत होतं.

"आत चल. चहा ठेवते."

"मी ठेवते. तू घोडा बघ." तिने नाक पुसलं. "तापलाय तो. लगेच पाणी नको दाखवूस. बांधूनही ठेवू नकोस, आखडेल. घाम सुकेपर्यंत फिरव."

ती आत गेली. मी लगाम हातात घेतला. घोड्याच्या अंगातून वाफ निघत होती, त्याचा श्वास माझ्या मानेवर गरम लागत होता. गोठ्याभोवती, मग यूर्तभोवती, मग पुन्हा गोठ्याभोवती मी त्याला फिरवू लागले. थांबलं की तोही थांबायचा आणि त्याची कातडी थरथरायची, म्हणून मी थांबले नाही. फिरता फिरता कधी रडायला लागले ते कळलं नाही. घोडा मुकाट्याने मागे येत होता, आणि त्याची मान अजून ओलीच होती.